खुर्चीत बसलात ना, मग उत्तर द्या

आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, बाकीचं मग बोलू. ज्या सरकारी कंपनीच्या संचालक मंडळावर तुमचं नाव आहे, तिचा गेल्या वर्षाचा ताळेबंद तुमच्यापैकी किती जणांनी पहिल्या पानापासून शेवटच्या टिपेपर्यंत वाचला? सही केली का, असं मी विचारत नाही. सही सगळ्यांनीच केली असणार. वाचला का?

वर्गात प्रश्न विचारल्यावर खिडकीबाहेर बघणारी मुलं मला तेव्हाही चालत नव्हती, आजही चालत नाहीत. मी तुम्हाला जमाखर्च शिकवला. या धारवाडात, एकाच बाकावर बसलेल्या मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतल्या मुलामुलींना शिकवला. तुमच्यातले कोणी पुढे महसूल खात्यात गेले, कोणी परिवहन महामंडळात, कोणी महापालिकेच्या लेखा विभागात, कोणी अभियंते झाले. आता तुमच्या दारावर पाट्या आहेत. कुठे ‘व्यवस्थापकीय संचालक’, कुठे ‘मुख्य वित्त अधिकारी’. पाट्या बघून बरं वाटतं. पण पाटीखाली जो कारभार चालतो तो बघून जीव जळतो, म्हणून आज बोलते आहे. गोड बोलायला तुमच्याभोवती पुष्कळ माणसं आहेत.

तुमच्या हाती काय सोपवलं होतं, ते आधी नीट आठवा. हुबळी आणि धारवाड ही वीसेक किलोमीटर अंतरावरची दोन गावं १९६२ मध्ये एका महापालिकेखाली आली. बाजारपेठ, रेल्वे, कारखाने हुबळीत. विद्यापीठ, कॉलेजं, जिल्ह्याची कचेरी धारवाडात. राहायचं एका गावात आणि पोट भरायचं किंवा शिकायचं दुसऱ्या गावात, हे इथल्या हजारो घरांचं रोजचं आहे. हे सगळं येणंजाणं पी. बी. रोडवरून, म्हणजे पुणे-बंगळूर रस्त्यावरून. त्या रस्त्यावरची कोंडी सोडवायची, सामान्य माणसाला वेळेवर आणि परवडेल अशा बसनं पोचवायचं, एवढ्यासाठी २०१२ मध्ये हुबळी-धारवाड बीआरटीएस (बस रॅपिड ट्रान्झिट सिस्टिम) कंपनी लिमिटेड ही सरकारी मालकीची कंपनी स्थापन झाली. जागतिक बँकेच्या ज्या शहरी वाहतूक प्रकल्पातून पिंपरी-चिंचवडला मदत मिळाली, त्याच प्रकल्पातून इथेही पैसा आला. रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंची घरं पडली, दुकानं मागे सरली, प्रार्थनास्थळंसुद्धा हलवावी लागली. २ ऑक्टोबर २०१८ ला चाचणी म्हणून बस धावू लागल्या आणि २ फेब्रुवारी २०२० ला तेव्हाचे उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते रीतसर उद्घाटन झालं.

बावीस किलोमीटरचा मार्ग. रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखलेल्या मार्गिका. बसच्या पायरीला समपातळीत येणारे फलाट, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला पायरी चढायला नको. तिकीट स्थानकातच काढून आत जायचं, म्हणजे वाहकाची वाट बघत बस उभी राहायला नको. वातानुकूलित ‘चिगरी’ गाड्या. खर्च जवळजवळ हजार कोटींच्या घरात. आपल्याएवढ्या शहरांना अशी व्यवस्था सहसा मिळत नाही. मुंबई, बंगळूर सोडून ती आपल्याला मिळाली. ज्यांची घरं या रस्त्यात गेली, त्यांचं देणं तुमच्या डोक्यावर आहे. जमाखर्चाच्या वहीत ते कुठल्याही खात्याला दिसत नाही, पण ते आहे, आणि ते फेडायचं तुम्हालाच आहे.

आता सांगा, यासाठी कंपनी का काढली? सरकारकडे खाती काय कमी होती? कंपनी काढली ती एवढ्याचसाठी, की एक काम एका हाती राहावं. तिचा स्वतःचा हिशोब असावा, स्वतःचा प्रमुख असावा, फाईल आठ टेबलांवरून न फिरता निर्णय व्हावा आणि चुकलं तर नेमकं कोण चुकलं हे कळावं. जबाबदारी एका ठिकाणी गोळा करायची, हाच कंपनी काढण्याचा उद्देश. तुम्ही कंपनी कशी वापरलीत? जबाबदारी पातळ करून सगळ्यांत वाटून टाकायला. महापालिकेला विचारलं की ती म्हणते, ते कंपनीचं काम. कंपनीला विचारलं की ती म्हणते, गाड्या महामंडळाच्या. महामंडळाला विचारलं की ते म्हणतं, रस्ता आमचा नाही.

कायदा तुम्हाला पाठ असेल, तरी पुन्हा सांगते. पाठ असणं आणि पाळणं यातलं अंतर मी आयुष्यभर बघत आले आहे. २०१३ चा कंपनी कायदा सांगतो, की निम्म्याहून जास्त म्हणजे किमान ५१ टक्के भागभांडवल सरकारचं असेल तर ती सरकारी कंपनी. मंडळाच्या वर्षाला किमान चार बैठका झाल्या पाहिजेत आणि दोन बैठकांत १२० दिवसांहून जास्त अंतर पडता कामा नये. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा झाली पाहिजे. सरकारी कंपनीचा लेखापरीक्षक तुम्ही तुमच्या सोयीनं नेमायचा नसतो, तो देशाचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक नेमतात आणि त्यांना पुन्हा स्वतंत्र पूरक तपासणीचा अधिकार असतो. राज्याच्या मालकीच्या कंपनीचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. आणि १६६ वं कलम संचालकाला सांगतं, की त्यानं आपलं काम योग्य काळजीनं, कौशल्यानं, मन लावून करावं आणि स्वतःच्या स्वतंत्र बुद्धीनं निर्णय घ्यावा. तुम्ही कलेक्टर असा, आयुक्त असा, वित्त खात्याचे प्रतिनिधी असा, त्या टेबलाशी बसलात की तुम्ही संचालक. पदसिद्ध संचालकासाठी कमी कर्तव्य आणि नेमलेल्या संचालकासाठी जास्त, असं त्या कलमात लिहिलेलं नाही.

एका सरकारी कंपनीच्या बैठकीचं वर्णन मला तिथे बसणाऱ्या विद्यार्थ्यानंच ऐकवलं. कंपनीचं नाव घेत नाही, नाव घेण्याची गरजही नाही, कारण हे वर्णन ऐकून तुमच्यातल्या कित्येकांना ती आपलीच कंपनी वाटेल. बैठक सकाळी अकराला. विषयपत्रिका आणि जोडपत्रं आदल्या संध्याकाळी हाती आली, दोनशेहून जास्त पानं. अध्यक्ष दुसऱ्या बैठकीतून उशिरा आले आणि त्यांना पुढे तिसरी बैठक होती. पहिला विषय, मागील इतिवृत्त कायम करणे. कायम झालं. दुसरा विषय, मागील ठरावांवरील कार्यवाहीचा आढावा. ‘कार्यवाही सुरू आहे’ अशी नोंद प्रत्येक ठरावापुढे, मागच्या बैठकीतही तीच होती आणि त्याच्या मागच्या बैठकीतही. मग निविदेला मुदतवाढ. मग खर्चाला कार्योत्तर मंजुरी. त्यानंतर अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचे विषय, आणि सगळ्यात मोठ्या रकमेचा विषय नेमका त्यात. चहा आला, सह्या झाल्या, गाड्या निघाल्या. एकानंही ‘हे मला समजलं नाही, समजावून सांगा’ असं म्हटलं नाही.

ज्यानं हे सांगितलं त्याला मी विचारलं, तू का नाही बोललास? तो म्हणाला, बाई, माझ्याकडे अतिरिक्त कार्यभार आहे, दोन महिन्यांत बदली होणार आहे. हे उत्तर ऐकून मला राग आला आणि त्याहून जास्त काळजी वाटली. कारण तो मुलगा वाईट नाही. तो हुशार आहे, पैसे खात नाही, फाईल अडवत नाही. पण तो तिथे असून नसल्यासारखा आहे. आणि हा रोग सगळीकडे आहे. कंपनीच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी ठेवायला लाज वाटते म्हणून कुणाकडे तरी ‘अ‍ॅडिशनल चार्ज’ सोपवायचा. त्याचं मूळ काम दुसरीकडे, मन तिसरीकडे, बदलीचं पत्र चौथीकडून यायचं. अशा माणसाकडून दहा वर्षांचा विचार कसा होणार? बसचं आयुष्य, रस्त्याचं आयुष्य, कर्जाची मुदत, सगळं दहा-वीस वर्षांच्या हिशोबानं चालतं आणि प्रमुखाची मुदत मात्र काही महिन्यांची.

यावर उपाय कुणाला सुचलाच नव्हता, असं म्हणू नका. २०१५ मध्ये स्मार्ट सिटी अभियान सुरू झालं आणि २०१६ च्या सप्टेंबरमध्ये हुबळी-धारवाडची निवड झाली. त्या अभियानाच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलं होतं, की या कामासाठी स्थापन होणाऱ्या कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची नेमणूक तीन वर्षांच्या निश्चित मुदतीची असेल आणि केंद्रीय मंत्रालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय त्याला हलवता येणार नाही. म्हणजे दुखणं दिल्लीला माहीत होतं, औषधही कागदावर लिहिलेलं होतं. देशभरातल्या किती स्मार्ट सिटी कंपन्यांनी ते औषध घेतलं? शहरोशहरी आयुक्त बदलले की कंपनीचा कारभारी बदलत राहिला आणि संचालक मंडळं मान डोलावत राहिली. नियम मोडताना कुणी तरी एकानं तरी लेखी विरोध नोंदवायला हवा होता. इतिवृत्तात विरोध नोंदवायला फक्त एक वाक्य लागतं.

आता रस्त्यावर उतरा. मोठ्या पावसात धारवाडच्या टोल नाक्याजवळ जाऊन उभे राहा. पाणी साचतं, हे धारवाडातल्या शाळकरी पोराला ठाऊक आहे. मार्गिका कंपनीची. पाणी ज्या गटारात जायला हवं ते गटार मार्गिकेच्या हद्दीबाहेर गेलं की महापालिकेचं. पाण्यातून जाणारी बस आणि तिचा चालक वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाचा. कोंडी सोडवणारा हवालदार पोलीस आयुक्तांचा. बसची वाट बघणारी, कॉलेजात परीक्षा असलेली मुलगी मात्र कुणाचीच नाही. चार मुलांच्या आईसारखी गत, चौघांत वाटलेली आणि चारही घरी उपाशी. तिला तक्रार करायची असेल तर तिनं आधी हे शोधून काढायचं, की पाणी कुठल्या हद्दीत साचलं. हे शोधणं तिचं काम आहे का? तुम्हाला पगार कशाचा मिळतो?

स्थानक रस्त्याच्या मधोमध आहे. तिथे पोचायला भरधाव वाहनांची एक बाजू ओलांडावी लागते. तिथे सिग्नल चालू आहे का, झेब्रा पट्टे दिसतात का, स्थानकातले सरकते दरवाजे उघडतात का, तिकिटाचं यंत्र कार्ड वाचतं का, उतारावर कुणी दुचाकी लावून ठेवली आहे का, या पाच गोष्टींवर प्रवासी ठरवतो की उद्या बसनं यायचं की मोटारसायकलच्या कर्जाचा हप्ता सुरू करायचा. या पाचही गोष्टी स्वस्त आहेत. हजार कोटींपुढे त्यांचा खर्च नगण्य आहे. पण त्या रोज बघाव्या लागतात, आणि रोज बघायला माणूस जागेवर लागतो. मंडळाच्या विषयपत्रिकेवर शेवटचं कधी ‘बंद पडलेले दरवाजे’ असा विषय आला होता? कोट्यवधींच्या निविदांना तुम्ही वेळ देता आणि कारभार बिघडतो तो पाचशे रुपयांच्या दुरुस्तीवरून.

हे असंच सोडलं तर काय होतं, तेही बघा. दिल्लीत २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद असा सुमारे सहा किलोमीटरचा बीआरटी मार्ग सुरू झाला. बसवाल्यांचा वेळ वाचला, मोटारवाल्यांचा वाढला, ओरड झाली, पण ती व्यवस्था आपली म्हणून तिच्यामागे शेवटपर्यंत उभं राहणारं कुणी उरलं नाही. २०१६ मध्ये मार्ग उखडायला सुरुवात झाली. पुण्यानं डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला पहिला प्रयोग केला. पुढल्या वर्षी पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी काढली. हेतू हाच, दोन शहरांची बस एका हाती. पण त्या कंपनीच्या अध्यक्ष-व्यवस्थापकीय संचालकाच्या खुर्चीत माणूस टिकला नाही. तुकाराम मुंढे मार्च २०१७ मध्ये आले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये गेले, वर्षसुद्धा पुरं नाही. त्यांची पद्धत कुणाला पटो न पटो, अकरा महिन्यांत बससेवा कुणीच सुधारू शकत नाही. पुढे नगर रस्त्यावरचा बीआरटी मार्ग काढूनच टाकला. आणि आता हुबळी-धारवाडात तीच मागणी आहे. कुणी म्हणतं मार्गिका सगळ्या वाहनांना खुल्या करा, कुणी म्हणतं हे सगळं काढा आणि विजेवर धावणारी नवी व्यवस्था आणा.

नव्या व्यवस्थेला माझा विरोध नाही. पण जे मंडळ दरवाजे दुरुस्त ठेवू शकत नाही, त्याच्या हाती आणखी महाग दरवाजे देऊन काय साधणार? वाहन बदलल्यानं कारभार बदलत नाही. नवं यंत्र येईल, उद्घाटन होईल, दोन वर्षांनी त्याचेही सुटे भाग मिळेनासे होतील आणि तेव्हा तुम्ही बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात असाल. पुन्हा कर्ज, पुन्हा रस्ता खोदायचा, पुन्हा कुणाची तरी दुकानं मागे सरकवायची. आधी आहे ते नीट चालवून दाखवा. ते प्रामाणिकपणे चालवूनही अपुरं पडलं, तर आकड्यांनिशी सांगा की अपुरं पडतं. आकडे न ठेवता व्यवस्था नापास करणं म्हणजे पेपर न तपासता विद्यार्थ्याला नापास करणं, आणि ते मी कधी चालू दिलेलं नाही.

‘कोकण रेल्वे बांधणारे श्रीधरन सगळ्यांना मिळत नाहीत, बाई,’ असं तुम्ही म्हणाल. हे मी फार वेळा ऐकलं आहे आणि ही पळवाट आहे. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं. केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे सहा-सहा. म्हणजे तिथेही पाच मालक होते, पाचांची हितं वेगळी होती, गोव्यात मार्गावरून आंदोलन झालं, बोगद्यांत माती ढासळली. तरी सह्याद्रीतून आणि शेकडो पुलांवरून सुमारे ७६० किलोमीटरचा मार्ग झाला आणि १९९८ मध्ये त्यावरून सलग गाडी धावली. कारण मालक पाच असले तरी कारभारी एक होता, त्याला अधिकार होता आणि त्याला काम संपेपर्यंत हलवलं नाही. पुढे दिल्ली मेट्रोत केंद्र आणि दिल्ली सरकार निम्मे-निम्मे मालक. तिथे १९९७ पासून २०११ च्या अखेरपर्यंत ई. श्रीधरन प्रमुख होते. १२ जुलै २००९ ला जमरुदपूरला मेट्रोच्या बांधकामाचा भाग कोसळून कामगार दगावले, तेव्हा त्यांनी त्याच दिवशी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. ठेकेदाराकडे बोट दाखवलं नाही, चौकशी समितीच्या अहवालाची वाट बघितली नाही. राजीनामा स्वीकारला गेला नाही, ते पुन्हा कामाला लागले.

यातून तुम्ही काय शिकायचं? श्रीधरन व्हायचं नाही. मुदत, अधिकार आणि उत्तरदायित्व या तीन गोष्टी एका माणसाकडे एकत्र आल्या तर सामान्य बुद्धीचा प्रामाणिक अधिकारीही चांगली कंपनी चालवतो, एवढं शिकायचं. तुमच्या कंपन्यांत या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या टेबलांवर पडलेल्या आहेत. अधिकार सचिवांकडे, उत्तर द्यायला जनसंपर्क अधिकारी आणि मुदत कुणाकडेच नाही. त्या एकत्र आणायचं काम मंडळाचं आहे. मंडळानं सरकारला लेखी कळवायचं, की पूर्णवेळ प्रमुख द्या, किमान तीन वर्षं हलवू नका, नाहीतर आम्ही या कंपनीच्या कामाची हमी देऊ शकत नाही. असं पत्र किती मंडळांनी लिहिलं? पत्र लिहिल्यानं नोकरी जात नाही. फार तर कुणाची तरी मर्जी जाते, आणि मर्जी राखायला म्हणून तुम्हाला शिकवलं नव्हतं.

‘वरून आदेश होता’ हे वाक्य माझ्यासमोर वापरू नका. वरचा आदेश लेखी असेल तर इतिवृत्तात त्याची नोंद घ्या. तोंडी असेल तर तुम्ही लेखी मागा. एकदा लेखी मागितलं की अर्धे आदेश आपोआप थांबतात, हे सरकारी नोकरीत असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ‘निधी नाही’ म्हणता, तर बस थांब्यांवरच्या जाहिरातींचं उत्पन्न, मोकळ्या जागांचं भाडं, तिकिटाचा खप, प्रत्येक किलोमीटरमागचा तोटा यांचा महिन्याचा तक्ता दाखवा. तोटा होत असेल तर तोही मांडा. सार्वजनिक बस तोट्यात चालली तर तो गुन्हा नाही, पण तोटा किती आणि का हे लपवणं गुन्हा आहे. ‘लोकांना शिस्त नाही, मार्गिकेत मोटारसायकली घुसवतात’ म्हणता, तर पोलीस आयुक्तांना मंडळाच्या बैठकीला बोलावून महिन्याला किती दंड झाले ते विचारा. आणि लोकांची शिस्त काढण्याआधी बसचं वेळापत्रक पाळलं जातं का ते बघा.

दुसरी एक गोष्ट, जी तुम्हाला आवडणार नाही. बीआरटीएसचं उद्घाटन २०२० मध्ये झालं तेव्हा महापालिकेत निवडून आलेले नगरसेवक नव्हते. मुदत २०१९ मध्ये संपली होती, मतदान झालं ३ सप्टेंबर २०२१ ला आणि महापौर निवडला गेला तो २०२२ मध्ये. म्हणजे कंपन्यांनी शहराचा रस्ता, तळी, बाजार यांवर कोट्यवधी खर्च केले त्या काळात गल्लीतल्या माणसाचा प्रश्न विचारायला सभागृहात कुणी नव्हतं. तुम्हाला ती सोय वाटली असेल. कुणी अडवणारं नाही, काम भराभर होतं. पण अडवणारा नसतो तेव्हा सांगणाराही नसतो. टोल नाक्याला पाणी साचेल, हे तिथला नगरसेवक नकाशा न बघता सांगू शकला असता. २०२५ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं धारवाडला वेगळी महापालिका द्यायचं ठरवलं. धारवाडकरांची ती जुनी मागणी आहे आणि मला तिचा आनंद आहे. पण बावीस किलोमीटरच्या एका रस्त्याला आणखी एक मालक वाढेल. त्याची तयारी तुमच्या मंडळानं केली आहे का? हद्द कुठे बदलेल, गटाराचा खर्च कोण करेल, दिव्यांचं बिल कोण भरेल, याचा करार आजच लिहायला घ्या. नंतर भांडण झालं तर पुन्हा त्या परीक्षेला निघालेल्या मुलीचंच नुकसान होईल.

आणि जे अधिकारी नाहीत, मागच्या बाकावर बसून माना हलवताहेत, त्यांनाही सोडणार नाही. वर्तमानपत्रात पत्र लिहून तुमचं कर्तव्य संपत नाही. सरकारी कंपनीलाही माहितीचा अधिकार लागू आहे, २००५ पासून. दहा रुपयांचा अर्ज आहे. तुमच्यातल्या किती जणांनी मंडळाचं इतिवृत्त मागितलं? आणि आपल्या घरांतून एक वाक्य ऐकू येतं, ‘आपण मराठी माणसं, इथल्या राजकारणात कशाला पडायचं.’ कर इथे भरता, मुलं इथे शिकली, पाणी इथलं पिता. बस प्रवाशाला भाषा विचारून थांबत नाही. सीमेच्या प्रश्नावर तुमची मतं तुमच्यापाशी ठेवा, पण या शहराच्या कारभारावर प्रश्न विचारणं हा तुमचा हक्क आहे आणि न विचारणं हा आळस आहे.

आता गृहपाठ. हा मी ऐच्छिक म्हणून देत नाही.

येत्या ३० सप्टेंबरच्या आत तुमच्या कंपनीची वार्षिक सभा लेखापरीक्षित हिशोबासह झाली पाहिजे. मागचे हिशोब थकले असतील तर कुठल्या वर्षाचे, कुणामुळे आणि कधी पूर्ण होणार, हे एका पानावर लिहून कंपनीच्या दारावर लावा. प्रत्येक बैठकीची विषयपत्रिका सात दिवस आधी मागा, मिळाली नाही तर त्या विषयावर मत देऊ नका आणि मत दिलं नाही असं इतिवृत्तात लिहून घ्या. ऐनवेळच्या विषयांत खर्चाचा विषय घ्यायला उभं राहून विरोध करा. रस्ता, बस, गटार, सिग्नल या चारही गोष्टींसाठी एकाच अधिकाऱ्याचं नाव आणि दूरध्वनी प्रत्येक स्थानकात लावा, मग आपापसात कुणी काय करायचं ते तुम्ही ठरवा. महिन्याला एक पान प्रसिद्ध करा, त्यात किती बस वेळेवर सुटल्या, किती वाटेत बंद पडल्या, किती दरवाजे नादुरुस्त आहेत आणि मागच्या महिन्यात किती होते. मंडळावर रोज बसनं जाणारा एक तरी माणूस घ्या, निमंत्रित म्हणून का होईना. आणि तुम्ही स्वतः, व्यवस्थापकीय संचालकापासून कनिष्ठ अभियंत्यापर्यंत, आठवड्यातून एक दिवस सरकारी गाडी सोडून हुबळीहून धारवाडला तिकीट काढून उभ्यानं या. मधल्या एखाद्या स्थानकात उतरा, रस्ता ओलांडून बाहेर जा, पुन्हा आत या. सरकारी वाहनातून पाहणी केली की फक्त कागद तयार होतो.

हे जमणार नसेल, तर खुर्ची सोडा. त्यात लाज नाही. ज्याला वेळ आहे, ज्याचं मन त्या कामात आहे, त्याला बसू द्या. पण खुर्चीत बसून जबाबदारी नाकारायची, सही करून वाचलं नाही म्हणायचं आणि बदलीचं पत्र हाती पडलं की सुटलो म्हणायचं, याला मी तुमच्या प्रगतीपुस्तकात जो शेरा देईन तो तुम्हाला माहीत आहे. अजून वेळ गेलेली नाही. रस्ता आहे, स्थानकं आहेत, कायदा तुमच्या बाजूचा आहे, आणि हे काम जमेल एवढी अक्कल तुम्हाला आहे, कारण ती तपासून घेऊनच मी तुम्हाला पुढच्या वर्गात पाठवलं होतं. ताळेबंद उघडा, आजच, आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात करा. जे समजणार नाही त्याच्यावर खूण करा आणि पुढच्या बैठकीत हात वर करून विचारा.